पुनवेच्या कुर्ल्या

घरातलं कुणी "आज नको" म्हणालं, तेव्हा हसण्याआधी तुम्ही "का?" असं शेवटचं कधी विचारलंत?

मी विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहीत होतो. त्या रविवारी आमच्या घरी कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, वड्या झाल्या आणि माझे वडील परत आले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे वड्यांचं वर्णन वाचताना तुमच्या तोंडाला पाणी सुटणार नाही.

विक्रोळीतल्या आमच्या चाळीपासून हायवे ओलांडून थोडं चाललं की मिठागरं आणि त्यापलीकडे खाडीकाठचं तिवरांचं, चिखलाचं खाजण. बाबांची गिरणी बंद पडली होती. मालवणकडच्या माणसाला चिखल परका नसतो. ते अधूनमधून खाजणात उतरून कुर्ल्या आणायचे. पण त्यांचा नियम होता. अंधाऱ्या पंधरवड्यात, अष्टमी उलटली की जायचं, तेव्हा कुर्ली भरलेली असते. आणि अवशेला किंवा पुनवेला खाजणात पाऊल ठेवायचं नाही. त्या दिवशी तिथे राखणदार फिरतो, जागा राखणारं भूत.

राखणदार! माझं अख्खं बालपण सभांच्या पत्रकांवर पोसलं गेलं होतं. गिरणीच्या फाटकावर वाटलेली पत्रकं बाबा घरी आणायचे आणि अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. कुणासमोर वाकायचं नाही आणि पुराव्याशिवाय मानायचं नाही, हे त्यांनीच माझ्या हातात दिलेल्या कागदांनी मला शिकवलं. मग त्यांच्याच राखणदारावर मी तुटून पडलो.

मी एक पत्रक लिहिलं. चंद्र आणि माणसाची भीती हा विषय. ग्रहणात भाजी चिरू नये, पौर्णिमेला खेकडा पोकळ असतो, असले समज एकेक करून झोडले होते. आमच्या अभ्यासगटातले सहाजण रविवारी आमच्या खोलीवर येणार होते, आणि पौर्णिमा बघून तो रविवार मीच ठरवला होता. पत्रक वाचायचं आणि पुनवेच्या कुर्ल्यांच्या वड्या खायच्या. प्रयोग.

रविवारी पहाटे आई म्हणाली, "आज नको रे झिला. आज पुनव. कुर्ल्यो पोकळ गावतल्यो."

"गावू देत. तेच तर बघायचंय."

"आणि हे उतरतले खंय? आज खाजनात उतरूचा नाय."

"का? राखणदार गिळणार?"

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा हसले. शिकलेला मुलगा घरात मित्र आणतोय, काहीतरी वाचून दाखवणार आहे, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त अप्रूप होतं. "तुज्या प्रयोगाक कुर्ल्यो हव्यो ना?" ते म्हणाले. "घेवन येतंय."

ते तसेच ओहोटीला गेले आणि आठच्या सुमारास आले. पिशवीत चौदा कुर्ल्या होत्या, नांग्या काथ्याने बांधलेल्या. आईने एक उचलून तळहातावर तोलली. "बघ. हलक्यो. आत काय नाय."

दोन अगदीच लहान होत्या, त्या तिने मोरीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. बाकीच्या हळद-मिठाच्या उकळत्या पाण्यात गेल्या. निवल्यावर तिने वरवंट्याने नांग्या फोडल्या आणि केसातल्या आकड्याने मांस कोरून काढायला बसली. माझं काम ठरलेलं होतं. ते मांस स्टीलच्या ताटात चिमटीने थोडंथोडं सोडायचं आणि कान द्यायचा. कवचाची चिप असली तर ताटावर टिक् वाजते. मांस वाजत नाही. या कामात डोळ्यांचा उपयोग नाही, असं आई म्हणायची.

बारा कुर्ल्यांचं मांस ओंजळभरही झालं नाही.

"एवढ्यात काय होणार?" मी म्हणालो. "नऊ माणसं आहोत."

मी आईशी बोलत होतो. बाबा पाय धुऊन उंबऱ्यात बसले होते. मी मान वर केली तेव्हा उंबरा रिकामा होता आणि खुंटीवरची पिशवी नव्हती.

प्रयोग तिथेच संपला होता, हे मला कळायला हवं होतं. पुनवेची कुर्ली पोकळ निघाली होती. पण मी ताटात कवचाची चिप ऐकत होतो.

आईने उकडलेला बटाटा जास्त घातला. कांदा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, कोथिंबीर, एक अंडं. चपट्या वड्या थापून रव्यात घोळवून तव्यावर टाकल्या. मित्र अकराला आले. मी पत्रक वाचलं. वड्या तव्यावरून सरळ ताटात येत होत्या.

"काकू, झकास! पोकळ कुर्ल्यांच्या असल्या तर भरलेल्यांच्या कशा होत असतील?"

"बटाटा खातास रे तू," आई म्हणाली.

सगळे हसले. मग एकाने विचारलं, "बाबा कुठायत रे तुझे? त्यांनाच तर ऐकवायचं होतं ना पत्रक?"

मी वडीचा घास तोंडात असताना म्हणालो, "राखणदाराने धरून ठेवलं असेल."

पुन्हा हसणं झालं. आईची पाठ आमच्याकडे होती. तिने स्टोव्ह बंद केला. तव्यावर अजून तीन वड्या होत्या, एका बाजूने कच्च्या.

"खंय गेले हे?" ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "चल."

बारा वाजून गेले होते. आम्ही आठही जण धावत गेलो, पण जिथे सकाळी चिखल होता तिथे तिवरांच्या शेंड्यांपर्यंत पाणी होतं. उधाणाच्या दिवशी ओहोटी लांब जाते आणि माणूस कुर्ल्यांमागे लांब जातो. मग पाणी समोरून येत नाही. ते आधी मागच्या ओहोळांत भरतं. परतीची वाट आधी बुडते. बाबांना हे माहीत होतं. पण पहिल्या खेपेची जागा त्यांनी पिंजून काढली होती, आणि नऊ माणसांना पुरतील एवढ्या कुर्ल्या जवळपास राहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मिठागरातल्या माणसांनी त्यांना आणलं. मनगटाला पिशवी गुंडाळलेली होती.

त्या दोन दिवसांत घर माणसांनी भरलं होतं. मोरीतल्या डब्यात त्या दोन लहान कुर्ल्या पत्रा खरवडत होत्या. कर्र, कर्र. शेवटी मी डबा उचलून खाडीवर नेला आणि उपडा केला. एक लगेच चिखलात शिरली. दुसरी माझ्या पायापाशी बराच वेळ थांबून राहिली.

तो आवाज गेलेला नाही. मी अजून पत्रकं लिहितो. सायक्लोस्टाईलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरताना तोच आवाज येतो. कर्र, कर्र. लेखणी थांबवली तरी कधीकधी येत राहतो. मी मोरीत जाऊन बघून येतो. तिथे डबा नसतो.

पाच वर्षं आमच्या घरात कुर्ली आली नाही. गेल्या महिन्यात मी बाजारातून आणली. आई बघत बसली. मी उकडली, फोडली, ताट पुढे घेतलं. तिने केसातला आकडा काढून माझ्या हातात दिला आणि मी पाच वर्षं न विचारलेलं विचारलं.

"आये, पुनवेला उतरायचं नाही, ते का?"

"उधान."

"मग बाबा उधाण का नाही म्हणाले? राखणदार कशाला?"

आई ताटाकडे कान देऊन होती. "तू ल्हान होतस तेव्हा तुजो बापूस म्हणायचो, झिलाक उधान सांगलंय तर तो बघूक जायत. राखणदार सांगलंय तर घराक येयत."

ताटात टिक् वाजलं. तिने चिप उचलून बाजूला ठेवली. वड्या तिने केल्या, एकही खाल्ली नाही.

त्या पत्रकाची एक प्रत माझ्याकडे आहे. दुसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात, चंद्रामुळे समुद्राला भरती कशी येते आणि पौर्णिमा-अमावास्येला ती सर्वांत मोठी का असते, हे नीट समजावून सांगितलं आहे. ते मी त्या दिवशी बाबांच्या रिकाम्या उंबऱ्यासमोर मोठ्याने वाचलं होतं.

भुताखेतांविरुद्ध मी लिहीतच राहणार. तुम्हीही त्यांना मानू नका. पण आज घरी गेलात की तुमच्या आईला, बापाला, जे कुणी असेल त्याला, त्यांच्या एखाद्या "नको"चं कारण विचारा. आणि ते सांगेपर्यंत तिथून उठू नका.