वन-टू म्हणताच उठलेला वर्ग

हळद शिजल्याचा वास आला की मला हळद पिकवणाऱ्या कुरुंदा गावाकडचा तो नववीचा वर्ग आठवतो. मी इंग्रजीची बाई, पण संगीताचा तासही माझ्याकडेच होता. त्या दिवशी तपासणीचे साहेब दारात उभे होते; मुलं गायली नाहीत, तर तो तास गणिताला जाणार होता. ताल द्यायला मी मोठ्याने "वन, टू" म्हणाले आणि वन-टू फक्त कवायतीच्या तासालाच ऐकलेला सगळा वर्ग धाडकन उठून, कवायतीसारखे हात वर करून उभा राहिला! हेडमास्तर कुजबुजले, "बाई, हे काय करून राहिल्या तुमी?" तेवढ्यात मागची एक मुलगी म्हणाली, "बाई, हळदीच्या ड्रमवानी वाजवू का?" घरोघरी हळद पॉलिश करायचे ड्रम फिरत होते, तोच खडखडता ठेका तिने बाकावर धरला. एकेक हात खाली आला, बाकं वाजू लागली, आणि त्या ठेक्यावर पोरं मोकळ्या गळ्याने गाऊ लागली. गाण्याच्या बैठकीत काढतात तसे साहेबांनी दाराशी बूट काढले, तेव्हा कुठे मला कळलं, संगीताचा तास वाचला. नातवंडांनो, परवा फोनवर मला पियानो ऐकवताना तुम्ही "वन, टू" म्हणालात, तेव्हा इथे मी खुर्चीतून अर्धी उठले होते.