तात्यांची दोरी

शुद्धलेखनाची आणि अक्षराची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात लेखणीपेक्षा उलथनंच जास्त राहिलं. तात्या असते तर छाती भरून श्वास घेऊन म्हणाले असते, "आसू द्या!" ते म्हणताना त्यांचं पोट असं खाली बसायचं, की धोतर सावरावं लागायचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. भिगवणला धरणाच्या पाण्याकाठी आमचं चहाचं हॉटेल होतं, तात्या शेजारी राहायचे. त्यांनी मेंढरं नुकतीच विकलेली. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, बजावलं होतं, "आता रानोमाळ गेलासा, तर तकडंच ऱ्हावा." त्याच सुमारास शेतकऱ्यांचे पाण्यातले पंप दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराला बुडी मारणारा माणूस हवा होता. पाठीवर हवेची टाकी, कमरेला शिसं. जमलं तर घराजवळ कायमचं काम.

शिकवायला समुद्रावर नोकरी केलेले एक साहेब आले. "तात्या, पाण्यात अधांतरी थांबायचं. तळाला पाय लागला की गाळ उठतो, मग काही दिसत नाही."

खालचा माणूस हाताशी राहावा म्हणून तात्यांच्या कमरेला दोरी बांधली; तिचं टोक माझ्या हातात आलं. पुरुषमाणसं गप्पांच्या नादात दोरी सोडायची. मी कुणाशी बोलतच नव्हते.

पहिल्या दिवशी दोरी सरसर गेली. तात्या वर आले ते चिखलात लोळलेल्या म्हशीसारखे. शिसं कमी केलं, तर दुधी भोपळ्यासारखे तरंगले. मासे विकणारी आक्का ओरडली, "तात्या, ह्यो मासा कितीला दिला?"

तोंडातली नळी काढून ते म्हणाले, "आसू द्या!"

शिसं बरोबर बसलं, तरी थोडा वेळ गेला की तात्या वर. साहेब चिडले. "श्वास का कोंडता? छातीत हवा भरली की माणूस वर येतो. छाती फुटेल एखाद्या दिवशी!"

तात्या ओशाळले. "साहेब, समोरनं चिलापी माशांचा कळप जातो. मी मोजाय लागतो. मोजताना श्वास धरायचा, न्हायतर एखादं मेंढरू चुकतं."

काठावर हशा पिकला. माझ्या तोंडून कधी नव्हे ते निघून गेलं, "तात्या, नका मोजू. ती आपली न्हाईत."

तात्या पाण्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "व्हय गं पोरी. आसू द्या."

ठेकेदार बघायला आला, त्या दिवशी एका पंपाच्या पाइपाच्या तोंडात पोतं अडकलं होतं. तात्या खाली गेले. दोरी थोडी सरकली आणि थांबली. ताठ नाही, ढिली नाही. माझ्या हातात ती जरा वर यायची, जरा खाली जायची, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी. तात्या खाली प्रत्येक श्वासाला मनात "आसू द्या" म्हणतायत, हे मला वरून कळत होतं.

तात्या वर आले ते डोक्यावर पोतं घेऊन, पावसात पोत्याची खोळ घातल्यासारखे. "साहेब, गाळ न्हाय उठला!"

"उद्यापासून या," ठेकेदार म्हणाला. आक्का म्हणाली, "मासा खपला गं बाई!" आणि काकूंनी सगळ्यांना आमचाच चहा पाजला.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. दोरी माझ्याकडेच आहे. तिच्यावर मी धुणं वाळत घालते. वारा आला की लुगडं हळूच फुगतं, हळूच बसतं. मी बघत राहते आणि चुलीवरचा चहा उतू जातो.

आसू द्या.