पंचावन्न किलोच्या आत

कोलशेतच्या मालन भोईरने कॉलेजात खेळायचं असं काही बाकी ठेवलं नव्हतं. सकाळी खो-खो, दुपारी आठशे मीटर, संध्याकाळी कबड्डी. मध्येच कोणी गोळा हातात दिला तर तोही फेकून यायची. चाळीस वर्षांपूर्वी गावात हाफपँट घालणारी ती पहिली मुलगी. लोकांनी नावं ठेवली, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पण राज्याच्या संघात काही तिचं नाव लागलं नाही. चार खेळांत जीव वाटला की एकाला कितीसा पुरणार? ही सल जन्मभर राहिली.

पुढे ती आंबिवलीच्या एका शाळेत खेळाच्या बाई झाली. निवृत्त झाली तरी मैदान सुटलं नाही. आपल्याला जमलं नाही ते पोरींकडून करून घ्यायचं, हा एकच ध्यास. अशा माणसांना आपल्याकडे हार घालतात, आवर कोणी घालत नाही.

यंदा आशा होती समीक्षावर. चढाईला निघाली की समोरच्या पोरींची पाचावर धारण बसायची. किशोरी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष, आणि गटाला वजनाची अट पंचावन्न किलोची. ठाण्यातल्या निवड चाचणीला दोन दिवस उरले आणि काटा सत्तावन्नवर.

"बाई, पुढच्या वर्षी मोठ्या गटात खेळते ना," पोरगी म्हणाली.

"अगं, दोन किलो म्हणजे काय! आम्ही असंच उतरवायचो. पाणी बंद कर, रेनकोट घाल आणि दोरीच्या उड्या मार."

सगळेच असं उतरवतात, हेच तर वाईट. चाचणीच्या सकाळी काट्यावर चोपन्न किलो नऊशे ग्रॅम भरले. बाईंनी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. तासाभराने, दुसऱ्याच चढाईत, समीक्षा मधल्या रेषेजवळ कोसळली. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण किडन्यांना धक्का बसलाय. आता खेळ विसरा.

दवाखान्याच्या बाकावर तिची आई शालू बसली होती. बाई समोर उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"शालू, तिचं पाणी मीच बंद केलेलं गं."

"माहितीय बाई. तिने सांगितलेलं." शालूने सरकून त्यांना जागा करून दिली. "काल दुपारी पाणी पाणी करत होती. मी तांब्या घेऊन गेलेली पण. मग म्हटलं, बाईंनी नको सांगितलंय. तिच्या हातातून काढून घेतला मी."