मरण्यात हात बसलेली बाई

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आमच्या वरच्या खोलीत एक अमेरिकन बाई राहायच्या. दारातून आत आल्या आणि ते येणं मनासारखं झालं नाही, तर पुन्हा बाहेर जायच्या, दार लावून घ्यायच्या आणि नव्यानं आत यायच्या. कप ठेवताना वाजला तर उचलून परत ठेवायच्या. "परत एकदा," म्हणायच्या. मराठीतले हेच दोन शब्द त्यांनी आधी उचलले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवत गाडी हाणली आणि बेगमपुऱ्यात दुमजली घर बांधलं. कुणापुढं हात पसरला नाही. इंग्रजीही गाडीतच शिकलो. बाई मला आधी ड्रायवर म्हणायच्या. मी सांगितलं, "ड्रायवर गाडीत. इथं मी मालक." तेव्हापासून मला हाक मारताना "मालऽक" असं लांबवायच्या. माझी बायको पदराआड हसायची.

तर बाई नटी होत्या. तरुणपणी सिनेमात नायिकेच्या मैत्रिणी झाल्या. वय झालं तसं टीव्हीवर आल्या. तिकडं म्हणे पोलिसांच्या आणि दवाखान्याच्या मालिका लई. त्यात दर खेपेला कुणीतरी मरायला लागतंच. एकदा त्या इतक्या झकास मेल्या की पुढं कुणी त्यांना जिवंत ठेवीना. कधी नदीत, कधी जिन्यावर, कधी खाटेवर. नवरा केव्हाच सोडून गेलेला. लेकरू नाही. एक भाची तेवढी होती, ती फोनवर.

मी त्यांना अजिंठ्याला नेलं, तिथं शेवटाकडच्या लेण्यात बुद्ध भगवान आडवे आहेत. महापरिनिर्वाण. बाई उभ्या राहिल्या त्या हलेनात. मग म्हणाल्या, "किती शांत. मला हे कधी जमलं नाही." खाली दगडात रडणारी माणसं कोरलेली आहेत. त्यांच्याकडं बोट करून म्हणाल्या, "मी मेले की दिवे बंद व्हायचे आणि सगळे जेवायला जायचे."

बाई मायदेशी परत गेल्याच नाहीत. आमची वरची खोली घेतली.

तुम्हीही तऱ्हेवाईक माणसं पाहिली असतील. पण आपल्याच जिन्यावर मेलेलं माणूस हसताना पाहिलंय का? पहिल्या महिन्यातच बाई पायऱ्यांवर पडलेल्या दिसल्या. डोळे उघडे, छाती हलेना. मी ओरडलो. बायको अंगणातून तुळशीचं पान तोडून आली, गंगाजल आणलं, रीतीप्रमाणं दोन्ही तोंडात घातलं. बाईंनी पान चावलं आणि थूऽ केलं.

"तिखट!"

बायको मटकन खाली बसली. "अगं सटवे, जीव गेला असता ना माझा!"

"माझं पोट हललं," बाई म्हणाल्या. "परत एकदा."

पुढं हे नेहमीचं झालं. त्यांचा सराव सुटू नये म्हणून. मला खुबी पण सांगितली. उघड्या डोळ्यांनी मरायचं तर समोरच्याच्या खांद्यामागं बघायचं, तिथं कुणीतरी येऊन उभं आहे असं समजून. आणि बाई असं बघायच्या की मी हटकून मागं वळायचो. तिथं भिंत असायची. पण वळल्याशिवाय राहवायचं नाही.

एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मालक, मी खरी मेले तर ओळखाल?"

"न ओळखायला काय झालं?"

"जेवायला नाही ना जाणार?"

"नाय जाणार. जबान दिली." आमच्याकडं जबान म्हणजे जबान.

नंतर भर दुपारी बायकोनं खालून हाक दिली, "अहो, ताट वाढलंय, बाईंना घेऊन या." वर गेलो. बाई खाटेवर, डोळे उघडे, माझ्या खांद्यामागं लागलेले. म्हटलं, "उठा, लई झालं." उठल्या नाहीत. "बरं, पडा तशाच," म्हणून मी वळलो. एक पायरी उतरलो सुद्धा. आणि जबान आठवली.

अंगणातून पान आणलं, बाईंच्या ओठांत ठेवलं आणि समोर बसलो. आता चावतील, आता थुंकतील. खालून बायको हाका मारतच होती. पान जसंच्या तसं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागं वळून बघितलं नाही. धीर झाला नाही.

घरात चूल पेटली नाही. शेजारच्यांनी भाकरी आणून दिली. पोलीस आले, डॉक्टर आले, भाचीचा फोन आला. संध्याकाळी गाडी बाईंना मुंबईला घेऊन गेली, पुढं विमानानं भाचीकडं न्यायला. पान तोंडातच होतं. मी ते कुणाला काढू दिलं नाही.

बायको परातीत पीठ घेऊन वर निघाली. जीव गेला तिथं पीठ पसरून वर टोपली झाकायची आणि सकाळी बघायचं, कसली खूण उमटलीय, गेलेला जीव कुठल्या योनीत गेला. मी अडवलं. "ती काय आपल्यातली होती?"

"जीव तर आपल्या घरात गेला ना?"

मी वाट सोडली. तिनं पीठ पसरलं, हातानं सारखं केलं, टोपली झाकली, दिवा लावला. खोलीला कुलूप मी घातलं. किल्ली माझ्याच करदोट्याला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वर गेलो, कुलूप काढलं, टोपली उचलली. पिठावर पाऊल नव्हतं, पंजा नव्हता. मधोमध तुळशीचं पान होतं. ओलं. कडेला दातांची खूण.

"तू ठेवलंस?" बायकोला विचारलं.

"किल्ली कुणाकडं होती?" ती दाराबाहेरूनच म्हणाली. आत यायला तयार नव्हती.

मी पानाला हात लावला नाही. टोपली होती तशी झाकली. बाहेर आलो, दार लावून घेतलं. "परत एकदा," म्हणालो, आणि दार ढकलून आत गेलो.