सीताफळाचे डोळे आणि अण्णांची जीभ

दसरा होऊन आठवडा झाला होता. शनिवारी सकाळी मी सीताफळ उघडून अण्णांपुढं ठेवलं. त्यांनी एक चमचा खाल्ला, बिया ताटलीच्या कडेला नीट ओळीत लावल्या आणि ताटली माझ्याकडं सरकवली.

"हे सीताफळ न्हाय," ते म्हणाले. "सीताफळाचा फोटो हाय."

अण्णा माझे सासरे. वय शहात्तर, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, मूळचे खुलताबादचे, आता गारखेड्यात आमच्यासोबत. पावसाळ्यात तापानं दहा दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना डॉक्टरांनी भरपूर फळं खायला सांगितली, आणि तेव्हापासून आमच्याकडं रोज एक फळ नापास होतं. केळं पिठूळ. पपई म्हणजे गाजराची बहीण. पेरू नुसता वाजतो. मी वाळूजला एका रंगाच्या कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर नमुने पास-नापास करून घरी आल्यावर तिथंही एक इन्स्पेक्टर बसलेला असला की डोकं फिरतं.

"अण्णा, फळं तीच आहेत," मी म्हणाले. "तुमच्या लहानपणच्या सीताफळात आता आठवणीची साखर पडलीय. डोळे बांधून दिलं तर दुकानाचं कुठलं न् झाडाचं कुठलं, तुम्हाला ओळखू येणार नाही."

"पैज?"

"पैज!"

मी हरले तर पुन्हा त्यांच्या जिभेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ते हरले तर दिवाळीपर्यंत पुढ्यात येईल ते फळ गुपचूप खायचं. माझा नवरा प्रकाश पेपरच्या आडून घाईघाईनं म्हणाला, "उद्या मला ड्युटी आहे." म्हणजे झाडाचं फळ चाखायला खुलताबादला जाणार आम्ही दोघंच.

संध्याकाळी मी औरंगपुऱ्यात जाऊन दुकानातली सगळ्यात देखणी चार सीताफळं आणली. प्रत्येकाला पांढऱ्या जाळीचा स्वेटर, डब्यात गुलाबी कागद. किंमत विचारू नका, मीही प्रकाशला सांगितलेली नाही. रात्रीपुरती तांदळाच्या डब्यात ठेवली. सकाळी ती मऊ झाली होती. गाडीच्या डिकीत, सुट्या टायरमागं लपवून टाकली.

तुम्ही जाणार असाल तर पहिली सूचना: रविवारी जायचं असेल तर आठच्या आत शहर सोडा. नंतर भद्रा मारुतीला जाणारे, वेरूळला जाणारे आणि नुसतेच जाणारे, सगळे एकाच रस्त्यावर येतात. आम्ही साडेसातला निघालो. शेजारच्या सीटवर अण्णा इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर पिशवी. नगर नाका ओलांडला आणि त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला.

"छावणी! छावणीवाले पुढं या!"

"अण्णा, गाडीत कोणी नाही."

"सवय हाय. मिटमिटा! चला, दारात उभं राहू नका."

शरणापूर फाट्यापर्यंत रस्ता झकास आहे. दौलताबादला मात्र किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, आणि समोरच्यालाही नेमकं तेव्हाच यायचं असतं. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं हॉर्न मारत माझी दहा मिनिटं खाल्ली. अण्णांनी खिडकीतून डोकं काढून त्याला असा काही आवाज दिला की तो चक्क मागं गेला. तीस वर्षांचा अनुभव!

किल्ल्याच्या पुढं रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या दिसतात. इथं सगळेच थांबतात. आम्हीही थांबलो. हिरवं लुगडं नेसलेल्या एका मावशीपुढं अण्णा उकिडवे बसले.

"कुठलं फळ हाय, बाई?"

"इथलंच की. डोंगरातलं. झाडावरचं."

अण्णांनी एक फळ उचललं, उलटं केलं, खालचा पेंढा बाजूला केला. पेंढ्याखाली तसाच गुलाबी कागद होता, जसा माझ्या डिकीत होता.

"आता डोंगरातली झाडं गुलाबी कागद बी द्यायलीत व्हय?"

मावशी आधी रागावल्या, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "बाबा, खरं सांगू का? डोंगरातलं फळ आता रोज कुठं घावतंय? पहाटं शहरातल्या मोंढ्याच्या बाजारातून आणते. तुम्ही शहरातली माणसं इथं येऊन घेता, म्हणून इथं बसते. शहरात बसले तर कोण घेणार?"

म्हणजे मी शहरातून सीताफळ शोधायला निघण्याआधी सीताफळच शहरातून निघून इथं वाट बघत बसलं होतं. मावशींच्या खरेपणाखातर आम्ही त्यांच्याकडून अर्धा किलो चिंचा घेतल्या. चिंचा मात्र त्यांच्या घरच्या झाडाच्या होत्या, शपथेवर.

घाट चढून खुलताबाद, तिथून सुलीभंजनच्या वाटेला लागलं की डावीकडं करीमचाचांचं शेत. चाचा आणि अण्णा एका बाकावर शिकलेले. तीन वर्षांत भेट नव्हती. फाटकाशी गाडी थांबली तसे चाचा काठी टेकत आले, काचेतून आत बघितलं आणि म्हणाले, "जिंदा है क्या रे तू? मैं बोल्या गया होगा."

"तुला सांगितल्याबिगर कसा जाईन?"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. बराच वेळ सुटलेच नाहीत. मी उगाच टायरची हवा बघत उभी राहिले.

चाचांची दोन राज्यं आहेत. रस्त्याकडची बाग नवी: ओळीत लावलेली ठेंगणी झाडं, प्रत्येकाच्या बुडाशी ठिबकची नळी, फळ दोन मुठींएवढं. त्या दिवशी तोडणी चालू होती, कारण दुपारी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता. आणि घरामागं, मुरमाड उतारावर, आठ-नऊ वाकडीतिकडी जुनी झाडं. त्यांना पाणी फक्त पावसाचं. फळं लिंबाहून थोडी मोठी. कोणी विकत नाही, कोणी मोजत नाही. घरचे खातात, उरलेली पोपट.

चाचांची सून शबाना माझ्याच वयाची. तिला पैज सांगितली तर तिचे डोळे चमकले. "भाभी, दोघांचे बी डोळे बांधू. आमचे अब्बा बी लई शेखी मारतात, आँख बंद करके अपना फल पहचानता मैं."

चुलीवरची भाकर, खट्टी दाळ आणि अंबाडीची भाजी असं जेवण झालं. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात कामाला लागलो. बियांवरून ओळखू नये म्हणून तिन्ही फळांचा गर काढायचा, सगळ्या बिया वेचायच्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माझ्या बोटांची अवस्था कळेल. सारख्या तीन स्टीलच्या वाट्या: एकीत माझं औरंगपुऱ्याचं फळ, एकीत चाचांच्या नव्या बागेतलं टेम्पोसाठी तोडून घरात पिकवलेलं, एकीत मागच्या झाडाचं. झाडाच्या वाटीच्या बुडाला शबानानं खूण म्हणून सीताफळाचं पान गराच्याच चिकटपणानं चिकटवलं. ताटात ओळीनं वाट्या ठेवल्या. झाडाची उजवीकडं, दुकानाची डावीकडं.

हात धुवायला मी मागच्या दारी गेले तर अण्णा तिथं एकटेच उभे होते.

"सुवर्णा, ते वाटीचं राहू दे."

"का? घाबरलात का?"

"व्हय," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं ते तसंच राहिलं. अण्णा झाडाच्या बुंध्याकडं बघत बोलत होते. "दवाखान्यातून आल्यापून मला कशाचीच चव लागंना. चहाची न्हाय, ठेच्याची न्हाय. पहिल्यांदा वाटलं, येईल. आली न्हाय. मग म्हटलं, फळालाच नावं ठेवावीत. फळ काय उलटून बोलत न्हाय. आता करीमपुढं डोळे बांधून बसवशील अन् मला कळायचं न्हाय. त्याला तर कळंल. मग समदं उघडं पडंल."

तीन महिने मी या माणसाला नखरेल म्हणत होते. जेवताना ते मीठ मागून घ्यायचे तेही मला आठवलं. मग मला जे सगळ्यात चांगलं जमतं ते केलं. लबाडी.

"अण्णा," मी कुजबुजले, "ताटात उजव्या हाताची वाटी झाडाची आहे. तिन्ही चाखा, जरा वेळ काढा, आणि उजवी उचला."

ते माझ्याकडं बघत राहिले. "पैज तू हरशील की."

"हरते."

ओसरीवर बाजेवर दोघं म्हातारे शेजारी बसले. शबानाच्या ओढणीनं अण्णांचे डोळे बांधले, तिच्या दुसऱ्या ओढणीनं चाचांचे. मी समोर उभी. शबानानं आतून ताट आणून बाजेवर ठेवलं आणि चमचा अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी उजवी वाटी चाखली. तोंड हललं, थांबलं. कपाळाला आठी पडली. मधली चाखली. मग डावी.

डावीवर ते फार वेळ थांबले. परत एक चमचा घेतला. मी खाकरले. उपयोग झाला नाही. आणखी एक चमचा. मी चांगली खोकला लागल्यासारखी खोकले.

"ही," अण्णा म्हणाले आणि डावी वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "ही झाडाची."

एवढं सांगूनही उजवं-डावं चुकले! आता चाचा ओळखणार, सगळे हसणार, आणि हे सगळं मी घडवून आणलेलं. मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, तोच शबानानं अण्णांच्या हातातली वाटी वर उचलून सगळ्यांना तिचं बूड दाखवलं.

बुडाला पान होतं.

ताट बाजेवर ठेवताना शबानानं ते फिरवून ठेवलं होतं. मुद्दाम नाही, तिला तसं ठेवायला सोपं पडलं म्हणून. माझी उजवी अण्णांची डावी झाली होती. मी सांगितलेलं उत्तर साफ चुकीचं होतं, आणि अण्णांनी ते मानलं नव्हतं.

त्यांनी ओढणी वर सरकवली. आधी पान बघितलं, मग माझ्याकडं. डोळे भरलेले होते, पण बोलले ते एवढंच: "अजून असंल तर आण."

आता चाचांची पाळी. झाडाची वाटी त्यांनी वासावरच ओळखली. उरलेल्या दोन चाखून त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "ये मेरे बागका, और ये दुकानका. हौ, सौ टक्के!"

सपशेल उलटं. स्वतःच्या बागेतल्या फळाला त्यांनी दुकानाचं म्हटलं होतं. शबाना हसता हसता भिंतीला टेकली. चाचा स्वतःही हसले, आणि हसता हसता त्यांनी मला जे सांगितलं त्यासाठी ही सगळी पोस्ट लिहितेय.

"बेटा, फरक कुठून येणार? दोन्ही एकच. सीताफळाचे डोळे उघडतात ना, खवल्यांच्या मधी पांढरट-पिवळं दिसायला लागतं, तवा ते पाडाला आलं. झाड शेवटच्या आठ दिवसांत जे घालतं तेच खरं. पण डोळे उघडलेलं फळ टेम्पोत दोन दिवस टिकत न्हाय. म्हणून आम्ही डोळे मिटलेलंच तोडतो. मग ते पेटीत मऊ होतं. मऊ होतं, पिकत न्हाय. वरून व्यापाऱ्याला पाहिजे मोठं. मोठं पाहिजे तर पाणी सोड. वजन पाण्याचं, पैसा वजनाचा. चवीचा भाव मला आजवर कुणी विचारला न्हाय."

"मग तुम्ही का असं पिकवता?" मी विचारलं.

"घर या बागेवर चालतं. त्या झाडांवर," त्यांनी मागं हात केला, "आम्ही."

निघताना चाचांनी खोक्यात वाळलं गवत घालून मागच्या झाडांची पंधरा-सोळा फळं दिली. पैसे काढले तर काठी उगारली. तुम्हाला चाचा नसतील तर एवढं करा: दिवाळीच्या आसपास जा, आतल्या वाटेवर शिरा, शेतात माणूस दिसला तर राम राम किंवा सलाम करून विचारा, आणि छोटं, कुरूप, डोळे उघडलेलं फळ मागा. दाबून बघू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी खा.

घाट उतरल्यावर चहाला थांबलो. अण्णांनी घोट घेतला, जरा वाट बघितली आणि मान हलवली. चहा अजून पाणीच होता. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाले, "असू दे. एक आलं म्हणजे बाकीचे बी रस्त्यात असतील. गाडी लेट हाय." आणि उरलेल्या चहात चिंचेचं बोटूक बुडवून चोखत बसले. त्याचीही चव लागली की नाही, ते सांगेनात.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. खोकं त्याच रात्री संपलं. अण्णांना परवा ठेच्यातली लसूण कळली. मिरची अजून नाही, त्यामुळं आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवून असतो. नुकसान झालं ते माझं. इतकी वर्षं मी दुकानाची फळं आनंदानं खात होते आणि आता मलाही ती गोड लागेनाशी झालीत. डिकीतली उरलेली दोन सीताफळं प्रकाशनं खाल्ली. त्याला फार आवडली. त्याला मी खुलताबादला नेणार नाही. घरात एक तरी माणूस सुखी हवा.

आणि एक राहिलं. अण्णा भेटेल त्याला पैजेची गोष्ट सांगतात. काल शेजारच्या काकूंना सांगत होते, "आमची सून लई हुशार. मला मुद्दाम खोटी वाटी सांगितली. खरी सांगितली असती तर मी तीच उचलली असती अन् माझी जीभ जित्ती हाय का मेली, मला जन्मात कळलं नसतं. एवढं डोकं कुणाला सुचतं?"

काकूंनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. ताट फिरल्याचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी पदर सारखा केला आणि चहा ठेवायला आत गेले.