हेदवीचं सोन्याचं घड्याळ

पुण्याहून सकाळी सहाच्या एस.टी.ने निघालो, तेव्हा पिशवीत एक कपड्यांचा जोड, घड्याळदुरुस्तीची हत्यारं आणि हेदवीहून आलेलं एक पत्र होतं. लिहिणारे सदाशिव पालशेतकर, बोटीवरून निवृत्त झालेले. माझ्या एका गिऱ्हाइकाने त्यांना पत्ता दिला होता. साऱ्या जगाची वेळ एकदम दाखवणारं जुनं सोन्याचं घड्याळ घरात आहे, ते बंद पडलंय. पोस्टाने पाठवण्यासारखं नाही आणि गुडघ्यामुळे स्वतः येववत नाही, असा मजकूर.

असं घड्याळ मी तोवर फक्त परदेशी कॅटलॉगात पाहिलं होतं. तबकडीभोवती शहरांची नावं लिहिलेली फिरती कडी. देशोदेशी हिंडणाऱ्या श्रीमंतांसाठी मोजकीच बनवलेली. इकडे बॅटरीवरच्या घड्याळांनी माझं दुकान निम्मं ओस पाडलं होतं. बायकोला म्हटलं, "कामाला जातोय." खरं तर मी बघायला चाललो होतो.

कुंभार्ली घाटात गाडीचं पाणी उकळलं. ते निवेपर्यंत चालक-वाहकासकट सगळी गाडी करवंदांच्या जाळीत शिरली. चिपळूणला उतरलो तर तोंड जांभळं आणि शर्टावर डाग.

"हेदवीची गाडी किती वाजता?" मी खिडकीत विचारलं.

"साडेतीनला."

"आता तर पावणेपाच झाले."

"मग येईलच आता," आतले गृहस्थ समजुतीने म्हणाले.

आली. कातळावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) धुरळा उडवत ती खाली उतरली, तेव्हा माडांमागे समुद्र दिसला. पालशेतकरकाका काठी टेकत गडग्याशी (दगड रचून केलेल्या कुंपणाशी) उभे होते.

"गाडी वेळेवर आली म्हणायची," ते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

जेवणात बांगड्याचं तिखलं (तिरफळं घालून केलेलं दाट कालवण) होतं. वाढता वाढता काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या हत्यारांच्या पिशवीकडे बघत होत्या. काका बोलत होते. ते प्रवासी बोटीवर जेवणघरात वाढपी होते. एक म्हातारा गोरा प्रवासी वाटेत आजारी पडला. काकांनी तीन आठवडे त्याचं सगळं केलं.

"उतरताना त्याने हातातलं काढून माझ्या हातात ठेवलान. पण वाढप्याच्या मनगटावर सोन्याचं घड्याळ बघितल्यावर पहिला प्रश्न काय? कुठून चोरलंस! म्हणून घरी आणून हिच्याकडे दिलं. पंचवीस वर्षं हिनंच सांभाळलान."

थोडक्यात, जगप्रवाशांसाठी बनवलेलं ते घड्याळ पंचवीस वर्षं हेदवीतून हललं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्या काकू चिपळूणच्या पलीकडे गेल्या नव्हत्या.

सकाळी ओटीवर पांढरं फडकं पसरून काम सुरू केलं. घड्याळ हातात घेतलं आणि दोन मिनिटं नुसताच बघत बसलो. एवढं सुबक काम मी पुन्हा पाहिलेलं नाही. दोष मात्र तिथल्या तिथे दिसला. चावी, म्हणजे पीळ द्यायचं कडेचं बोंड, जागेवर नव्हती. मागचं झाकण उघडलं. आत धुळीचा कण नाही, गंज नाही. चावी पडली असती तर दांडी मोडलेली दिसली असती. ही कुणीतरी सावकाश, आटे सोडवून काढली होती.

काका मासळी बघायला खाली गेले होते. काकू चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून उभ्याच राहिल्या.

"लागला शोध?"

"काकू, चावी कुणीतरी काढलीय."

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत सोन्याची इवलीशी चावी होती. "मीच काढलीय. आता काय करायचं ते करा."

मग त्या पायरीवर बसल्या. "ह्यांचं पत्र यायचं, त्यावर बंदराचं नाव. ते ह्या कडीवर शोधून शोधून मी इंग्रजी अक्षरं शिकले. तिथे किती वाजले ते बघायचं, नि हे आता जेवत असतील, हे निजले असतील, असं म्हणायचं. पत्र यायला महिना लागायचा, तोवर बोट कुठल्या कुठे! हे कळत होतं हो. पण बघितल्याशिवाय घास उतरत नसे."

"आणि आता?"

"आता आठ महिने झाले घरी येऊन. सकाळपासून हे बसायचे नि कडी फिरवायचे. लिव्हरपूलला न्याहारी चालली असेल, सिंगापूरला ताटं मांडली असतील. माणूस इथे नि जीव तिथे. कंपनीला पुन्हा पत्रसुद्धा लिहिलानी, मला चोरून. एवढी वर्षं मी घड्याळात ह्यांना शोधलं. घरी आल्यावरही तेच करू?"

तेवढ्यात काका बांगडे घेऊन आले. मी भलत्याच शौर्याने खोटं बोललो, "काका, एक भाग परदेशातून मागवावा लागेल."

काकांनी आधी माझ्याकडे, मग काकूंच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं.

"चावी ना? हिने काढलान ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"हिला विचारायचा धीर झाला नाय."

पुण्याहून दिवसभराच्या वाटेवरून माणूस बोलावणं त्यांना स्वयंपाकघरापर्यंतच्या दहा पावलांपेक्षा सोपं वाटलं होतं. मी मान खाली घालून चिमटे पुसू लागलो.

"परत जाणार बोटीवर?" काकूंनी विचारलं.

"कुठला जातोय! वय झालं, नको म्हणून कळवलानी. चैत्रातच पत्र आलं."

"नि मला सांगितलंत नाय?"

"सांगितलं असतं, तर बसून बघायलाही काय उरलं नसतं." काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून काका समुद्राकडे तोंड करून बसले. काकूंनी मूठ उघडून चावी फडक्यावर ठेवली आणि बांगडे उचलून आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "बसवा ती. नि ह्यांना म्हणावं, आत येऊन बसा. मी साफ करते तोवर सिंगापूरला काय वाढायचात ते मला सांगा. कधी सांगितलंत नाय."

काका काठी विसरून उठले.

दुपारी दोघं मला गाडीवर सोडायला आली. गाडी अर्थातच नव्हती. "किती वाजले?" मी सवयीने विचारलं. काकांनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघितलंच नाही. उत्तर काकूंनी दिलं. हिरव्या बांगड्यांच्या मागे ते घड्याळ चमकत होतं. बरोबर सांगितलं का, ते मी ताडून पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर घाटात गाडी एकदाही तापली नाही, म्हणून विचार करायला भरपूर वेळ मिळाला. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत आलो होतो, घड्याळाला काय झालं? घड्याळाला बहुधा फारसं झालेलं नसतं.

घरी पोचलो. बायकोने दार उघडत विचारलं, "काय बिघडलं होतं?"

नेहमीसारखं "काही नाही" म्हणणार होतो. मग चपला न काढताच उंबऱ्यात बसलो आणि तिला म्हटलं, "बस. आधी, मी खरं तर कशाला गेलो होतो, ते सांगतो."