दोन डेस्कटॉप, एक कचरापेटी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी ठासून बोलतो आणि लोक ते खरं धरतात – म्हणून तर लपलं इतकी वर्षं.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझं टायपिंग-छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, आंब्याच्या पेट्यांची लेबलं. तिथे विंडोजच्या जागी लिनक्स मी आणलं, आणि झकास चाललं. त्यात मी पक्का आहे, उगाच नम्रपणा कशाला?

तेव्हा कॉम्प्युटर एकच होता, लॉगिनही एकच. पण डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, दोन. मला साधा, हलका लागतो. आमच्या टायपिस्ट सुलभाताईंना मोठमोठ्या चित्रांचा. त्या उठल्या की मी माझा चालू करायचो. कचरापेटीचं चित्र दोन्हीकडे वेगळं, आतली पेटी मात्र एकच! लिनक्सवाल्यांनी मिळून ठरवलेला नियम आहे तो – फाइल कुठल्याही डेस्कटॉपवरून टाका, जाते एकाच फोल्डरात, आणि सोबत ती कुठून आली याची नोंद. केवढी शहाणी सोय! चहाच्या टपरीवर भेटेल त्याला मी हे ऐकवायचो. सुलभाताईंना तेवढं सांगितलं नव्हतं.

त्यांचे वडील, अप्पा, मालवाहू बोटीवर होते. म्हातारपणी ते तिथल्या आठवणी सांगायचे, ताई वहीत न लिहिता ध्यानात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात टाइप करायच्या. अप्पा गेले तेव्हा शंभरेक पानं झाली होती. दुसरीकडे कुठेच नव्हती ती. डबा खाता खाता मी वाचलीयत त्यातली काही. काय सांगू, वास यायचा बोटीचा.

त्या दुपारी पत्रिकेची छपाई अडली. डिस्क भरली होती. मी माझ्या डेस्कटॉपवरून कचरापेटी उघडली, रिकामी करायला. यादीत 'अप्पा' नावाचं फोल्डर दिसलं. दिसलं – हे मला नीट आठवतंय. टाकलंय म्हणजे नको असेल, असं म्हटलं आणि दाबलं बटण. ताई चार हातांवर काउंटरला होत्या. विचारायला काय जात होतं माझं?

तासाभराने त्या आल्या. "अरे, मघाशी अप्पांचं फोल्डर उडलं रे माझ्याकडून. पेटीतून काढून दे हो."

आता 'मी उडवलं' म्हणायला किती वेळ लागतो? पण मी – ज्याचं कधी चुकत नाही तो मी – त्यांचा डेस्कटॉप चालू केला, रिकामी पेटी दाखवली आणि म्हणालो, तुमची पेटी वेगळी, माझी वेगळी. तुमच्यात नाही, म्हणजे तुम्ही शिफ्ट दाबून पुसलंत, ते पेटीत न येता कायमचं गेलं. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

"मेले माझेच हात," असं म्हणून त्या बसून राहिल्या. मी पत्रिका छापल्या.

त्यानंतर आठ वर्षं त्या प्रत्येक फाइल पुसण्याआधी मला हाक मारायच्या. "बघ रे, हे पुसू ना?" मी उठून जायचो, बघायचो, हो म्हणायचो. दर वेळी लाज वाटायची, आणि दर वेळी मी गिळायचो.

गेल्या महिन्यात मी लिनक्सचा वर्ग काढला. शिकवण्याचे कागद हाताने लिहिले आणि सवयीने ताईंकडे टायपिंगला टाकले. संध्याकाळी त्यांनी छापलेली पानं माझ्या टेबलावर ठेवली. एका ओळीवर बोट होतं – 'डेस्कटॉप कुठलाही असो, कचरापेटी एकच.'

"हे बरोबर आहे ना रे? की माझं टायपिंग चुकलं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या. पर्स उचलली, चपला घातल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या, कामाला बसल्या. दुपारी माझ्यासमोर त्यांनी एक फाइल पुसली – मला न विचारता.

अप्पांची पानं मी घालवली. आणि दोष त्यांच्या हातांवर टाकला, तोही मीच.